पुढचा ॲक्सल मजबूत करायचा म्हणजे नेमके काय करायचे? जीप रँग्लरच्या उदाहरणावरून

खडकाळ वाटेवर नेण्यासाठी गाडीला मोठे टायर बसवले की पुढच्या ॲक्सलचा प्रश्न फार दिवस लांबवता येत नाही. जीप रँग्लरच्या मालकांपुढे तो बहुधा आकड्यांच्या रूपात येतो. गाडीत डेना कंपनीचा डेना ३० हा ॲक्सल आहे, तर डेना ४४ घ्यावा की पैसे साठवून थेट डेना ६० वर जावे, अशी विचारणा होते आणि मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असे गृहीत धरून उत्तरही दिले जाते. परंतु हे आकडे त्या त्या मालिकेची नावे आहेत. ते कोणत्याही भागाचे माप नाहीत. ॲक्सल ही अनेक भागांची जुळणी असते आणि तिच्यातला प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने, वेगळ्या परिस्थितीत मोडतो. म्हणून आपल्या गाडीत आणि आपल्या वाटेवर यांपैकी कोणता भाग आधी मोडणार आहे, आणि जो ॲक्सल घ्यायचा विचार आहे तो नेमका तोच भाग मोठा करतो का, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते.

उदाहरण म्हणून येथे २००७ ते २०१८ या काळातील रँग्लर घेतली आहे, जिला गाडीवेडे लोक जेके या नावाने ओळखतात. ती निवडण्याचे कारण असे की तिच्या साध्या प्रकारांत पुढे डेना ३० येत असे आणि रुबिकॉन या प्रकारात डेना ४४, त्यामुळे एकाच गाडीतील दोन ॲक्सल शेजारी ठेवून पाहता येतात. डेना ही मूळची क्लॅरन्स स्पायसर यांची कंपनी. १९०४ मध्ये त्यांनी अमेरिकेत युनिव्हर्सल जॉइंट बनवण्यास सुरुवात केली, आणि दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचा पुढचा ॲक्सलही स्पायसरचाच होता. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत ज्या विलीज जीप जुळवल्या, त्या याच घराण्यातल्या.

ॲक्सलच्या आत काय असते

रँग्लरचा पुढचा ॲक्सल अखंड असतो, म्हणजे डावे आणि उजवे चाक एकाच कठीण सांगाड्याने जोडलेले असते. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांना शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून, येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियन हे लहान दातेरी चाक फिरवतो, पिनियन क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो, क्राऊन ज्या डब्यावर बसवलेला असतो त्या डिफरन्शियलमधून दोन शाफ्ट डावी-उजवीकडे निघतात आणि सांगाड्याच्या पोलादी नळ्यांतून चाकांकडे जातात. पुढची चाके वळतात, त्यामुळे प्रत्येक बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. आतला लांब, बाहेरचा आखूड, आणि दोहोंच्या मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपल्या गॅरेजांत क्रॉस म्हणतात. नळीच्या टोकाला इंग्रजी सी या अक्षराच्या आकाराचा ओतीव तुकडा वेल्ड केलेला असतो. या सीला वर-खाली दोन बॉल जॉइंटांनी नकल, म्हणजे चाकासोबत वळणारा तुकडा, अडकवलेला असतो आणि नकलवर बेअरिंगसह चाकाचा हब बसतो.

म्हणजे चाकाकडे जाणारी पिळवटणारी शक्ती, अर्थात टॉर्क, हा पिनियन, क्राऊन, शाफ्ट आणि क्रॉस यांनी सोसायचा असतो, तर गाडीचे वजन आणि खड्ड्यांचे धक्के नळी, सी, बॉल जॉइंट आणि बेअरिंग यांच्यावर येतात. टॉर्कचा मार्ग आणि वजनाचा मार्ग असे हे दोन मार्ग सुरुवातीपासून वेगळे ओळखले नाहीत, तर एका मार्गातील दुखण्यावर दुसऱ्या मार्गातला उपाय विकत घेतला जातो, आणि हे सर्रास घडताना दिसते. वाकलेल्या नळीवर जाड शाफ्ट हा उपाय नव्हे.

किती टॉर्क येतो?

२०१२ नंतरच्या जेकेमध्ये ३.६ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे आणि त्याचा कमाल टॉर्क सुमारे ३५३ न्यूटन-मीटर आहे. सहा गिअरच्या मॅन्युअल रुबिकॉनमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण ४.४६, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचे ४ आणि ॲक्सलचे ४.१० असते. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ७३ येतो. त्याला इंजिनच्या टॉर्कने गुणले, तर घर्षणात जाणारा वाटा न धरता चारही चाकांवर मिळून सुमारे २५,८०० न्यूटन-मीटर इतका आकडा निघतो.

तेवढा टॉर्क शाफ्टपर्यंत प्रत्यक्षात पोहोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. टायर जमिनीला किती धरून ठेवू शकतो, यावरच शाफ्टवर येणारा टॉर्क ठरतो, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी हिशेब हाच आहे. माणसे, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणि सामान धरून गाडीचे वजन २,४०० किलो माना आणि त्यातील निम्मे पुढच्या ॲक्सलवर आहे असे समजा. म्हणजे सपाटीवर प्रत्येक पुढच्या चाकावर ६०० किलो येतात. कोरड्या, खरखरीत खडकावर टायरची पकड त्याच्यावरील वजनाएवढी धरली, तर ३२ इंची टायर सुमारे २,४०० न्यूटन-मीटरला घसरेल आणि ३७ इंची टायर सुमारे २,७५० न्यूटन-मीटरला, कारण त्रिज्या वाढली की तेवढ्याच पकडीतून शाफ्टवर येणारा टॉर्क वाढतो. ही वाढ साधारण पंधरा टक्क्यांची आहे. आता एक पुढचे चाक हवेत गेले, पुढचे सारे वजन दुसऱ्यावर आले आणि लॉकर नावाच्या यंत्रणेने डिफरन्शियल लॉक केलेले असले, म्हणजे दोन्ही चाके एकत्रच फिरत असली, तर त्या एका शाफ्टवर ३२ इंची टायरसह सुमारे ४,८०० आणि ३७ इंचीसह सुमारे ५,५०० न्यूटन-मीटर येऊ शकतात. टायर मोठा केल्याने पंधरा टक्के, आणि वजन एका चाकावर येऊन लॉकर लावल्याने दुप्पट! म्हणूनच लॉकर नसलेल्या गाडीतील डेना ३० वर्षानुवर्षे टिकतो आणि लॉकर बसवल्यावर त्याच गाडीतला तोच ॲक्सल आठवड्याच्या सुट्टीत मोडतो.

या हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात. कॅलिफोर्नियातील सुमारे ३५ किलोमीटरच्या रुबिकॉन ट्रेलवर ग्रॅनाइट आहे आणि युटामधील मोॲबला वालुकाश्म आहे. दोन्ही ठिकाणी पकड जबरदस्त असते आणि शाफ्ट तेथेच जास्त मोडतात. चिखलात टायर घसरत असल्यामुळे शाफ्टला एक प्रकारचे संरक्षण मिळते, पण वेगाने फिरणाऱ्या चाकाला चिखलाखालचा दगड अचानक सापडला की तो क्षणिक धक्का वरच्या साऱ्या आकड्यांच्या पलीकडे जातो. दुसरी गोष्ट उताराची. चढावर जाताना वजन मागे सरकते आणि पुढचा ॲक्सल हलका होतो. याउलट नाक खाली असताना रिव्हर्स टाकून मागे चढायचे असेल, तर वजन पुढे असते, चाके बहुधा पूर्ण वळलेली असतात आणि चालक वैतागून ॲक्सिलरेटर दाबतो. पुढचे क्रॉस तुटण्याची यापेक्षा हमखास परिस्थिती दुसरी नाही.

शाफ्ट आणि क्रॉस

ओले धुणे पिळताना जसा पीळ बसतो, तसा शाफ्टला बसतो, आणि भरीव गोल दांड्याची पीळ सोसण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. डेना ३० चा आतला शाफ्ट २७ दातांच्या स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचा) आणि सुमारे १.१६ इंच व्यासाचा असतो. डेना ४४ चा ३० दातांचा आणि १.३१ इंचांचा, तर डेना ६० मध्ये सामान्यतः वापरला जाणारा ३५ दातांचा आणि दीड इंचाचा असतो. घन काढून तुलना केली, तर ४४ चा शाफ्ट ३० च्या सुमारे १.४४ पट, आणि ६० चा शाफ्ट ३० च्या दुपटीहून थोडा अधिक टॉर्क सोसतो. धातू तोच असेल तरच हे गुणोत्तर खरे असते. कारखान्यातून येणाऱ्या साध्या कार्बन पोलादाच्या शाफ्टऐवजी क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा शाफ्ट बसवला, तर व्यास न वाढवताही ताकद बरीच वाढते. चांगला क्रोमोली शाफ्ट तुटण्यापूर्वी पीळ घेऊन पुन्हा सरळ होऊ शकतो, आणि धक्क्याच्या वेळी हा गुण फार मोलाचा ठरतो.

क्रॉसची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि जेकेच्या मालकांनी ती नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. जेकेच्या डेना ३० मध्ये आणि रुबिकॉनच्या डेना ४४ मध्ये क्रॉस एकाच मापाचा आहे. नकल, बॉल जॉइंट, हबचे बेअरिंग आणि ब्रेकही तेच आहेत. म्हणजे ४४ हा मध्यभागी ४४ आहे, त्याचे क्राऊन, पिनियन आणि आतले शाफ्ट मोठे आहेत, पण चाकाजवळचा भाग दोन्हींमध्ये जवळपास समान आहे. ज्याचे क्रॉस तुटतात किंवा बॉल जॉइंट सैल होतात, त्याने रुबिकॉनचा काढलेला ॲक्सल विकत आणून बसवला, तर त्याच्या मूळ तक्रारीत फरक पडणार नाही.

क्रॉस वळणात का तुटतो, याचे कारण भूमितीत आहे. युनिव्हर्सल जॉइंट तिरका झाला की बाहेरच्या शाफ्टचा वेग आतल्याच्या तुलनेत प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३५ अंशांच्या कोनात हा वेग आतल्या शाफ्टच्या ०.८२ पटीपासून १.२२ पटीपर्यंत खालीवर होतो, आणि टॉर्कही त्याच प्रमाणात झोके खातो. शिवाय तिरक्या अवस्थेत शाफ्टच्या टोकांचे कान, ज्यांत क्रॉसच्या टोप्या बसतात, ते बाहेरच्या बाजूला फाकू पाहतात. कान किंचित फाकला की टोपी सरकते, टोपी सरकली की क्रॉसचा हात मोडतो, आणि मोडलेला तुकडा बऱ्याचदा नकल आणि बॉल जॉइंटलाही जखमी करतो. क्रोमोली शाफ्टचे कान अधिक दणकट असतात आणि त्यांत टोपीला अडवण्यासाठी पूर्ण वर्तुळाची रिंग बसवता येते, म्हणून शाफ्ट बदलल्याचा फायदा क्रॉसलाही मिळतो. एक पाऊल पुढे जाऊन क्रॉसच काढून तेथे स्थिरवेगी सांधा असलेला शाफ्ट बसवता येतो; आरसीव्ही ही अमेरिकी कंपनी अशा शाफ्टसाठी ओळखली जाते. त्यात वळणाच्या कोनात वेग खालीवर होत नाही आणि पूर्ण वळलेल्या चाकांनिशीही ताकद फारशी घटत नाही. खर्च अर्थातच बराच जास्त येतो.

क्राऊन आणि पिनियन

मोठे टायर बसवल्यावर गाडी जड वाटू लागते, कारण इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त अंतर कापते. ३२ इंचांवरून ३७ वर गेले, तर ४.१० चे मूळ प्रमाण परत मिळवण्यासाठी साधारण ४.७४ हवे. बाजारात त्याच्याजवळचे ४.८८ मिळते, आणि टायरचे वाढलेले वजन धरून पुष्कळ जण ५.१३ घेतात. प्रमाण वाढवताना क्राऊनचा व्यास तोच राहतो आणि पिनियन लहान होतो. ४.१० हे ४१ आणि १० दातांतून येते, ५.१३ हे ४१ आणि ८ दातांतून. पिनियनचे दात कमी झाले की एका वेळी एकमेकांत गुंतलेले दातही कमी होतात आणि त्या थोड्या दातांवर भार येतो. डेना ३० चा क्राऊन मुळातच सुमारे ७.२ इंचांचा असतो, त्यामुळे त्यात ५.१३ बसवून लॉकर आणि ३७ इंची टायर लावणे म्हणजे सर्वांत लहान क्राऊनला सर्वांत लहान पिनियन देऊन सर्वांत मोठे काम सांगणे होय. येथे ४४ चा फायदा खरा आहे, कारण त्याचा क्राऊन साडेआठ इंचांच्या वर जातो. डेना ६० मध्ये तो पावणेदहा इंचांचा असतो.

पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या वर आहे की खाली, हेही पाहावे. जुन्या काळातील अनेक पुढच्या ॲक्सलांत, अगदी २००३ च्या पहिल्या रुबिकॉनच्या डेना ४४ मध्येही, पिनियन खाली होता. असा ॲक्सल पुढे बसवला की गाडी पुढे जाताना दातांची कमकुवत बाजू भार घेते. जेकेच्या दोन्ही पुढच्या ॲक्सलांत पिनियन वर आहे आणि दात उलट्या दिशेने कापलेले आहेत, त्यामुळे पुढे जाताना दाताची मजबूत बाजू कामाला लागते आणि प्रोपेलर शाफ्टही खडकांपासून वर राहतो. वापरलेला ॲक्सल भंगारातून आणणाऱ्याने या एका तपशिलाची खात्री केल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नळी, सी आणि बॉल जॉइंट

वजनाच्या मार्गातील भाग क्वचितच एका झटक्यात मोडतात. ते हळूहळू वाकतात, आणि ते लक्षात येते तेव्हा टायर आतल्या बाजूने झिजलेले असतात किंवा शाफ्टच्या आतल्या टोकाशी असलेल्या सीलमधून तेल गळत असते. जेकेच्या ३० आणि ४४ या दोन्हींच्या नळ्या बाहेरून अडीच इंचांच्या आणि पाव इंच जाडीच्या आहेत. म्हणजे वाकण्याच्या बाबतीत रुबिकॉनचा ॲक्सल साध्या ॲक्सलहून फारसा वेगळा नाही. जाड नळ्यांचे जे ॲक्सल बाजारात मिळतात, त्यांत तीन इंच व्यासाची आणि अर्धा इंच जाडीची नळी असते, आणि नळीच्या छेदाचा हिशेब केला तर ती मूळ नळीच्या सुमारे २.३ पट वाकवणारा भार सोसते. एवढा फरक पोलादाची प्रत न बदलता केवळ मापांतून येतो.

मोठ्या टायरसोबत बहुतेक जण रुंद आणि बाहेर येणाऱ्या रिम लावतात, आणि नळीचे नुकसान टायरच्या उंचीपेक्षा या रिमने जास्त होते. चाकाचा मध्य जितका बाहेर जातो तितका बॉल जॉइंट, बेअरिंग आणि सी यांच्यावरचा तरफेचा जोर वाढतो. त्यात गाडी उडी मारून खाली आली, की सीचे वरचे टोक आत वाकते. म्हणून ॲक्सल बदलण्याआधी रिम किती बाहेर आहे ते मोजावे. कमी बाहेर येणारी रिम घेणे हा ॲक्सल वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

वाकणे टाळण्याचे मधले उपायही चांगले आहेत. नळीच्या आत दुसरी घट्ट नळी सरकवून वेल्ड करतात, तिला स्लीव्ह म्हणतात. सीच्या मागे त्रिकोणी पट्टी वेल्ड करतात, ती गसेट. सांगाड्यावरून पूल घातल्यासारखी पोलादी चौकट वेल्ड केली तर तिला ट्रस म्हणतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकू शकते, त्यामुळे हे काम थोडे थोडे, बाजू बदलत आणि मध्ये थंड होऊ देत करावे लागते. ज्याने यापूर्वी ॲक्सलवर हात चालवला आहे, त्याच्याकडूनच ते करून घ्यावे.

मग कोणासाठी काय?

३३ इंचांपर्यंतचे टायर आणि लॉकर नसलेली गाडी असेल, तर डेना ३० ला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बॉल जॉइंट आणि बेअरिंग यांची वेळोवेळी तपासणी तेवढी पुरेशी आहे.

३५ इंची टायर आणि लॉकर ही सर्वांत जास्त आढळणारी अवस्था आहे आणि मतभेदही येथेच आहेत. गसेट, स्लीव्ह, चांगले बॉल जॉइंट, क्रोमोली शाफ्ट, ४.८८ चे प्रमाण एवढे सगळे डेना ३० मध्ये केले तर तो समंजस चालकाच्या हाती टिकतो. परंतु हा सारा खर्च एकत्र केला की तो वापरलेल्या रुबिकॉन ॲक्सलच्या किमतीजवळ जातो, आणि त्या ॲक्सलमध्ये मोठा क्राऊन आणि कारखान्याचा विजेवर चालणारा लॉकर आधीच असतो. माझा कल असा आहे की गाडीत लॉकर अजून बसवलेला नसेल, तर रुबिकॉनचा ॲक्सल घ्यावा आणि गसेट व स्लीव्ह त्याला कराव्यात. लॉकर आणि नवे प्रमाण डेना ३० मध्ये आधीच घातलेले असेल, तर ते फेकून देऊ नये. शाफ्ट आणि सांगाडा मजबूत करून तेच चालवावे.

३७ इंची टायर, लॉकर आणि खडकांवरचा नियमित वापर असेल, तर कारखान्याचा सांगाडा पुरा पडत नाही. येथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे जाड नळ्यांचा, मजबूत टोकांचा, पण ४४ च्या अंतर्भागाचा तयार ॲक्सल, जसा डायनाट्रॅक कंपनीचा प्रोरॉक ४४ आहे. दुसरी वाट म्हणजे ६०. चार दारांची जड गाडी, पोलादी बंपर, विंच आणि कुटुंबाचे सामान असेल, तर मी ६० कडे झुकेन. दोन दारांच्या हलक्या गाडीला जाड नळ्यांचा ४४ बहुतेक वेळा पुरतो.

यात चालकाच्या स्वभावाचाही विचार करावा लागतो. खडकावर चाक हवेत फिरू लागताच पाय काढून घेणारा माणूस आणि तेव्हाच जोर लावणारा माणूस, यांना एकच ॲक्सल सुचवता येत नाही. शिवाय काय मोडावे हेही आधी ठरवता येते. क्रॉस किंवा बाहेरचा आखूड शाफ्ट मोडला, तर सुटे भाग आणि हत्यारे जवळ असतील तर तो वाटेतच बदलता येतो. क्राऊन-पिनियनचे दात मोडले, तर गाडी ओढूनच आणावी लागते. म्हणून डेना ३० मध्ये अतिशय महाग, न तुटणारे शाफ्ट घालून सगळा भार लहान क्राऊनवर ढकलणे मला पटत नाही. जेकेच्या हबमधील बेअरिंग बाहेरच्या शाफ्टने आणि त्याच्या नटने आवळून धरलेले असते, हेही लक्षात ठेवावे. शाफ्ट तुटला म्हणून तो नुसता काढून टाकून गाडी चालवता येत नाही; निदान बाहेरचा तुकडा जागेवर असावा लागतो.

डेना ६० घेतल्यावर जे ओघाने येते

हा निर्णय एकट्या पुढच्या ॲक्सलचा राहत नाही. जेकेच्या चाकाला पाच नट असतात, पाच इंचांच्या वर्तुळावर. बहुतेक डेना ६० ना आठ नट असतात, साडेसहा इंचांच्या वर्तुळावर. म्हणजे रिम बदलतात, आणि सुटे चाक पुढे-मागे चालावे असे वाटत असेल, तर मागचा ॲक्सलही बदलतो. जुन्या ट्रकमधून काढलेला ६० स्वस्त पडतो, पण त्याची रुंदी, स्प्रिंग बसवण्याच्या जागा आणि पिनियनचा कोन हे सगळे दुसऱ्या गाडीसाठी केलेले असते. जेकेचे ब्रॅकेट कापून-जोडून बसवावे लागतात, आणि त्यात कॅस्टरचा, म्हणजे नकलच्या पुढे-मागे कलण्याचा, कोन चुकला तर महामार्गावर स्टिअरिंग भरकटते. जेकेसाठीच बनवलेला तयार ६० हे कष्ट वाचवतो, पण त्याची किंमत तशीच भरभक्कम असते.

६० जड असतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली येते, जेथे वाढलेला प्रत्येक किलो खड्ड्यांत जाणवतो. ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर आणि स्टिअरिंगचे दांडे (टाय रॉड, ड्रॅग लिंक) यांनाही त्या मापाचे करावे लागते. पोटाखालचा मोठा गोळा खाली येतो आणि टायरने मिळवून दिलेली उंची काही अंशी परत घेतो. ६० घेताना सांगाड्याचा खालचा भाग कापून-घासून उंच केलेली रचना शोधण्याचे हे कारण. अँटी-लॉक ब्रेक आणि स्थैर्य-नियंत्रणाचे सेन्सर नव्या हबवर बसतात का, हे विचारूनच मागणी नोंदवावी. यातील एक फायदा मात्र लोक विसरतात: अनेक ६० मध्ये हब हाताने मोकळे करता येतात, त्यामुळे पुढचा शाफ्ट मोडला तरी हब सोडून मागच्या दोन चाकांवर घरी येता येते.

पुढचे आणि मागचे प्रमाण एकच हवे. पुढे ४.८८ आणि मागे ४.१० असताना फोर-व्हील टाकला, तर दोन ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसपर्यंत नुकसान पोहोचते.

भारतातील गाड्यांविषयी

जीपने २०२१ पासून रँग्लरची जुळणी पुण्याजवळच्या रांजणगावात सुरू केली. ही गाडी जेकेनंतरची, जेएल पिढीची आहे. तिच्या पुढच्या ॲक्सलांची नावे एम १८६ आणि एम २१० अशी आहेत, आणि येथे आकडा खरोखर माप सांगतो: क्राऊनचा व्यास मिलिमीटरमध्ये. या पिढीत ॲक्सलच्या नळीतच एक शाफ्ट दोन भागांत विभागलेला असतो आणि सरकणारी कॉलर त्यांना जोडते किंवा सोडते, म्हणजे सामान्य रस्त्यावर पुढचा भाग उगाच फिरत नाही. खडकांवरच्या वापरात हा जोड आणखी एक नाजूक जागा ठरतो, आणि तो काढून अखंड शाफ्ट बसवण्याचे संच मिळतात.

महिंद्रा थारच्या मालकांना यातील बराच भाग लागू होत नाही. २०१० च्या थारच्या सीआरडीई या प्रकारापासून पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणून तेथे अखंड ॲक्सल बदलण्याऐवजी दोन्ही बाजूंचे सीव्ही, म्हणजे स्थिरवेगी सांध्याचे, शाफ्ट आणि पुढचे डिफरन्शियल यांचा विचार करावा लागतो. मारुती जिप्सीचा पुढचा ॲक्सल मात्र अखंड आहे, त्यामुळे टॉर्क आणि वजनाचे दोन मार्ग वेगळे पाहण्याची पद्धत तिला जशीच्या तशी लागू पडते.

कायद्याचा भाग टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. मूळ सांगाड्यात मजबूत शाफ्ट घालणे आणि वेगळ्या रुंदीचा, वेगळ्या नटांचा संपूर्ण ॲक्सल बसवणे यांत या दृष्टीने मोठे अंतर आहे. काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी, कारण अपघातानंतर विम्याचा दावा अडला तर होणारे नुकसान ॲक्सलच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

ॲक्सल बसवून झाल्यावर नव्या क्राऊन-पिनियनला बसू द्यावे लागते. पहिल्या प्रवासात वीस-तीस किलोमीटर शांतपणे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत ओझे ओढू नये. त्यानंतर डिफरन्शियलचे तेल बदलावे, कारण त्यात सुरुवातीच्या झिजेचा बारीक धातू उतरलेला असतो. त्याच वेळी हबचा नट, बॉल जॉइंटचे नट आणि कंट्रोल आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि चाके दोन्ही टोकांना पूर्ण वळवून ब्रेकचे होज कोठे ताणले जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर असतानाच पाहून घ्यावे.